पडलेली जागा

बसथांब्याच्या काचेमागे माझी बहीण लावलेली होती. माणसापेक्षा मोठी केलेली, हनुवटी जराशी आत ओढलेली, एका हाताने स्वतःच्या कानाची पाळी धरलेली. खाली संग्रहालयाचं नाव, प्रदर्शनाच्या तारखा आणि त्या परक्या देशाच्या भाषेत एक ओळ. तिचा अर्थ सरांनी प्रवासातच मला कौतुकाने सांगून ठेवला होता: ‘ऐकणारी मुलगी’. मी रोजच्यासारखी कामाला निघाले होते, खोलीची किल्ली अजून हातातच होती, आणि ती कुठे ठेवायची हेच मला कळेना. शेजारी एक म्हातारे गृहस्थ काठीवर रेलून पोस्टर बघत होते. त्यांना सांगावंसं वाटलं, काका, जरा सरका, ती आमची आहे. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं, दार मिटलं, बस गेली. ताईला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली. ती गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते, आणि सहा वर्षांच्या पोरीच्या आठवणीवर शहाण्या माणसाने विसंबू नये, हे माझा धंदाच मला शिकवतो.

धंदा म्हणजे भिंतीवरची जुनी चित्रं. ती कुणी काढली, कधी काढली, त्यांवर नंतर कुणी हात फिरवला, हे बघण्यात माझं आयुष्य गेलं. या परक्या शहरात मी आणि आमचे सर आलो होतो तेही एका भिंतीसाठीच, आणि ती भिंत आता नाही. डोंगरातल्या एका जुन्या मठात गाणं ऐकायला बसलेल्या माणसांची लांबच लांब रांग रंगवलेली होती. माझ्या लहानपणी इथल्या संग्रहालयाची माणसं तिकडे आली, त्यांनी त्या रांगेची मापाला माप जुळणारी नक्कल कागदाच्या मोठमोठ्या पटांवर करून घेतली आणि ते पट घेऊन गेली. पुढे डोंगर खचला, मठ गेला, भिंत गेली. राहिली ती नक्कल. आता मठ पुन्हा उभा राहतो आहे आणि नव्या भिंतीवर तीच रांग काढायची आहे, म्हणून दोन्ही देशांनी मिळून आम्हाला पाठवलं. सरांनी ग्रंथ लिहायचा, आणि मी नकलेवर पारदर्शक कागद टाकून एक एक रेघ उतरवून घ्यायची. भिंतीवर जे खरोखर होतं ते सलग रेघेने. जिथला गिलावा पडून चित्र गेलं होतं तिथली कड टिंबांनी. टिंबांच्या आत काही काढायचं नाही. या कामाला मीच का, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांना त्याचं फार अप्रूप होतं. ती नक्कल माझ्या बाबांनी केली होती.

सरांच्या जुन्या पुस्तकात ही मुलगी मी शेकडो वेळा पाहिली होती. पण तो नकलेचा फोटो करडा, अंगठ्याच्या नखाएवढा. डोकं आणि वर गेलेला हात, एवढंच त्यात कळे. तेवढ्यावर सरांनी अख्खं प्रकरण लिहिलं होतं. सगळे श्रोते गायकाकडे बघतात, ही एकटीच आपल्याकडे बघते. सगळ्यांचे हात मांडीवर, हिचा कानावर. म्हणजे जुन्या चित्रकाराने सूर पकडण्याची क्रियाच हातात पकडली, वगैरे. ताईचा हात कानावर असायचा तो पाढे आठवत नसत म्हणून. आई म्हणायची, सोड तो कान, लांब होईल एक दिवस. तो हात मला आठवत होता, ती आत ओढलेली हनुवटी आठवत होती, पण आठवण खरी की पोस्टर बघून आत्ता तयार झालेली, ते मात्र कळत नव्हतं. तपासायला काही नव्हतंच. घरात ताईचा फोटो नाही. म्हणजे एक आहे, कुणाच्या तरी लग्नातला. त्यात आम्ही सगळे ताठ उभे आहोत आणि माझ्या शेजारी एक धुरकट पट्टा आहे. फोटो काढताना ती हलली. त्या पट्ट्याकडे आई वर्षानुवर्षं बघत आली आणि शेवटी काचबिंदूने तिचे डोळे गेले. आता तिला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. डोळे गेल्यावर एकदा सहज म्हणाली, ‘बाकी सगळ्यांचे चेहरे दिसतात गं मला. हिचाच नाही येत. केस तेवढे दिसतात, मोकळे.’ ताईला ताप होता तेव्हा दवाखान्यात तिच्या डोक्याला हात लावू देत नव्हते, आणि नंतर विंचरायला वेळच मिळाला नाही. पोरगी मोकळ्या केसांनी गेली, हे आईचं दुःख मूळ दुःखाइतकंच मोठं होऊन बसलं होतं.

पुढच्या बसने मी संग्रहालयात पोचले. तिथल्या कागदांची देखभाल करणाऱ्या बाईंना मी मनातल्या मनात कागदवाली म्हणत असे. उंच, हळू बोलणारी, कागद उचलताना आपलाच श्वास धरून ठेवणारी बाई. तळघरातून वर आणलेले पट काही दिवस नुसते खोलीत पडू द्यायचे, खोलीची हवा त्यांच्या अंगी लागली की मगच उलगडायचे, असा तिचा नियम. त्यामुळे रांगेच्या एका टोकापासून माझं काम चाललं होतं आणि शेवटचा पट अजून गुंडाळलेलाच होता. ‘आज तो उलगडू या का?’ मी मोडक्या इंग्रजीत म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि आधी मला खुर्ची दिली. माझा चेहरा तसा झाला असणार. मग आम्ही दोघींनी मिळून तो पट टेबलावर पसरला, कडांवर वाळूच्या पिशव्या ठेवल्या, आणि मी भिंग घेऊन ओणवी झाले. मला मुलीकडे बघायचं नव्हतं. आधी तिच्या शेजारी बसलेल्या माणसाचा खांदा बघितला.

बाबा स्वतःला नकल्या म्हणवत. पाहुण्यांना वाटे हे आवाज काढून दाखवतात, आणि पाहुणे फर्माईश करू लागले की बाबा शांतपणे चहा पीत. नाकासमोर चालणारा माणूस. भिंतीवर आहे ते काढायचं, नाही ते नाही काढायचं, एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी संसार केला. हाताखालच्या एका मुलाने एकदा एका बाईचं तुटलेलं बोट पुरं केलं होतं. बाबा रागावले नाहीत, फक्त तो सबंध कागद पाण्यात बुडवून ठेवला आणि म्हणाले, उद्यापासून पहिल्यापासून. ‘पडलेली जागा पडलेलीच काढायची. तिथे मातीच्या रंगाचा पातळ हात द्यायचा आणि पुढे जायचं.’ मला ते रेघा वाचायला शिकवत, इतर मुलींना बाप सायकल शिकवतात तसं, पाठीमागून धरून. बघून काढलेली रेघ चालते आणि थांबते, ते सांगत. डोळे भिंतीवर जातात, परत कागदावर येतात, तेवढा वेळ कुंचला टेकून उभा राहतो आणि तिथे रंगाचा बारीक ठिपका साचतो. त्याला ते थांबे म्हणत. ‘ज्या रेघेला थांबे नाहीत, ती बघून काढलेली नाही.’ पटावरच्या त्या माणसाच्या खांद्यावर थांबे होते. दंडावर होते, कोपरावर दोन होते, मांडीवर टेकलेल्या हाताच्या प्रत्येक बोटावर होते. बाबांचा अख्खा दिवस मला त्या खांद्यावर दिसत होता, मान वर, मान खाली. मग भिंग मी बोटभर उजवीकडे सरकवलं.

कपाळापासून हनुवटीपर्यंत एक रेघ होती. एकच, एका दमात आलेली. गालावर ती जराही घुटमळली नव्हती. कान, कानावरचा हात, खांद्यावर पसरलेले मोकळे केस, कुठेच एकही थांबा नव्हता. आणि त्या रेघांच्या खाली, सगळ्या मुलीच्या खाली, मातीच्या रंगाचा पातळ हात होता. म्हणजे बाबांनी आधी आपला नियम पाळला होता. भिंतीवर इथे काही नव्हतं, गिलावा पडलेला होता, आणि त्यांनी पडलेली जागा पडलेलीच काढली होती. ती काढून झाल्यावर निरोप आला असणार. ते डोंगर उतरून घरी पोचले तेव्हा ताई जमिनीवर होती. चार दिवसांनी ते परत कामावर गेले, कारण संग्रहालयाची माणसं निघायच्या बेतात होती, आणि हे आईने त्यांना कधी माफ केलं नाही. मला ते जाणं आठवतं, दारातल्या चपला आठवतात. परत जाऊन ते या कागदासमोर बसले, समोर भिंतीवरचा तो रिकामा चट्टा, आणि त्यांनी वर बघितलंच नाही. मी भिंग ठेवून दिलं. माझ्या पाठीवर कुणाचा तरी हात होता, कागदवालीचा. बराच वेळ असावा.

जेवायच्या वेळी सर भलतेच खुशीत होते. संग्रहालयाच्या उपाहारगृहात बसून एकीकडे पाव मोडत, एकीकडे हातवारे करत ते सांगत होते की नव्या भिंतीवर प्रवेशाच्या बरोबर समोर ती मुलगी येणार, येणाऱ्या प्रत्येकाकडे ती बघणार. ‘तुझ्या बाबांचे केवढे उपकार,’ ते म्हणाले. ‘त्यांनी काढून ठेवली नसती तर ही पोर दगडमातीखाली गेली असती.’ मी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला. सर वाईट माणूस नाहीत. माझ्या पहिल्या लेखापासून त्यांनी मला सांभाळून घेतलं आहे, आणि त्या मुलीवर त्यांचा खरोखर जीव आहे. त्यांच्या टेबलावर तो नखाएवढा फोटो मोठा करून ठेवलेला असतो. मला एकदम विचित्र वाटलं. माझ्या बहिणीचा फोटो आमच्या घरी नाही आणि सरांच्या घरी आहे.

त्या दुपारी मी काम केलं नाही. संग्रहालयाच्या मागे नदी होती, तिच्या कडेने चालत राहिले. गप्प बसायला मला काहीच करावं लागत नव्हतं. शेवटचा पट सलग रेघेने उतरवायचा, एवढंच. ते थांबे वाचणारं जगात दुसरं कुणी नव्हतं; बाबांनी तो वसा एकीलाच दिला होता, आणि ती एकटी नदीकाठी नाक पुसत उभी होती. मी गप्प बसले तर ताई भिंतीवर जाईल. आईच्या डोळ्यांत नाही, धुरकट पट्ट्यात नाही, खरीखुरी दगडी भिंतीवर, आणि आम्ही सगळे गेल्यावरही कान धरून बसून राहील. मी बोलले तर तिथे मातीच्या रंगाचा एक चट्टा येईल. शिवाय ज्या माणसाने एक बोट पुरं केलं म्हणून कागद बुडवला, त्याच्या नावावर अख्खं माणूस खपवल्याचा डाग लागेल. एखाद्या बहिणीने काय करावं आणि एखाद्या मुलीने काय करावं, दोन्हींचं उत्तर एकच येत होतं, आणि तरी माझ्या मनाला ते पटत नव्हतं. बाबांचा राग येत होता. आईने त्यांच्या पायांशी बसून विनवलं होतं, मी दाराआडून ऐकलं होतं. एकदा काढा तिला, कशीही काढा, मला विसरायला होतंय. आणि ते म्हणाले होते, ‘समोर नसलेलं मला काढता येत नाही.’ त्या वाक्यावर आईने त्यांच्याबरोबर उरलेला जन्म काढला. आणि येत होतं. एका दमात येत होतं. त्यांनी तिला काढली आणि परक्या माणसांच्या हवाली केली, घरात येऊच दिली नाही. का, ते मी चालता चालता कितीदा विचारलं. कदाचित घरात त्यांना ती बघवली नसती. कदाचित आपण नियम मोडला हे आईला सांगण्यापेक्षा आपल्याला येत नाही हे सांगणं त्यांना सोपं गेलं. पण फिरून फिरून मनात येत होतं ते वेगळंच. मी गप्प बसले तर भिंतीवर जाणार ती ताई नसेलच. सरांच्या प्रकरणातली कुणी जुनी अनोळखी मुलगी असेल, सूर पकडणारी. येणारे जाणारे तिच्याकडे बघून गाण्याबद्दल बोलतील. ती त्या भिंतीची नाही हे सांगितलं, तरच ती आमची ठरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांना पटापाशी बोलावलं, हातात भिंग दिलं आणि आधी खांदा दाखवला, मग गाल. काय बघायचं ते सांगितलं. सर पुष्कळ वेळ ओणवे राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला आणि तो तसाच हातात धरून ठेवला.

‘कोण आहे?’ त्यांनी विचारलं.

‘माझी मोठी बहीण.’

‘तू कधी बोलली नाहीस बहीण होती म्हणून.’

‘आमच्याकडे कुणीच बोलत नाही, सर.’

ते खुर्चीवर बसले. ‘तुला गप्प बसता आलं असतं,’ ते म्हणाले, आणि जरा वेळाने, ‘मलाही बसता येईल. म्हणजे तू म्हणत असशील तर. मी काही पाहिलं नाही.’

हे ते स्वतःच्या प्रकरणासाठी बोलत नव्हते, माझ्यासाठी बोलत होते, आणि त्यामुळे ते ऐकणं फार कठीण गेलं. मी मान हलवली. सरांनी पेन्सिल उचलली, टोक बघितलं आणि माझ्यापुढे धरली. ‘टिंबं तूच काढ,’ ते म्हणाले. ‘मला नाही जमायचं ते.’

मग मी तिच्याभोवती टिंबं काढली. टिंबं काढण्यात माझा जन्म गेला, पण एवढी सावकाश मी कधी काढली नसतील. केसांच्या बाहेरून, कोपराच्या बाहेरून, मांडी घातलेल्या गुडघ्यांच्या बाहेरून, गिलावा जिथवर पडला होता त्या कडेकडेने. आत कोरा कागद राहिला, आणि त्या कागदाखालून ती माझ्याकडे बघत होती. पारदर्शक कागद उचलला तेव्हा माझ्या हातात नुसतं कुंपण आलं. कागदवालीने सगळं ऐकून घेतलं होतं, सरांनी तिला तिच्या भाषेत सांगितलं होतं. ती म्हणाली की पोस्टरं उतरवावी लागतील; पट मात्र प्रदर्शनात राहील, फक्त खालची चिठ्ठी बदलायला हवी. तिथे आता काय लिहायचं, तिने विचारलं. मी म्हटलं, ‘नक्कल करणाऱ्याची मुलगी’. तिने ते माझ्याकडून माझ्या भाषेत दोनदा नीट म्हणून घेतलं.

संध्याकाळी खोलीवर येऊन आईला फोन लावला. कोट अंगावरच होता. बसथांब्यावरची काच तोवर रिकामी झाली होती, मागची झाडं दिसत होती.

‘जेवलीस का?’ आई म्हणाली. माझा आवाज ऐकून ती आधी हेच विचारते.

‘आई, बाबांनी ताईला काढलं होतं.’

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. ‘कुठे?’

मी सांगितलं. भिंत, गिलावा, पट, सगळं.

‘मला म्हणाले, येत नाही,’ आई म्हणाली.

‘हो.’

‘आणि तिथे काढली. लोकांच्यात नेऊन बसवली.’

‘हो, आई.’

‘जन्मभर मी त्यांना बोल लावला की यांना पोरीचा चेहरासुद्धा ध्यानात नाही.’ तिचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं ती फोन ठेवेल. ‘कशी आहे?’ तिने विचारलं. ‘नीट सांग. तू लोकांना सांगतेस तसं सांग.’

मी डोळे मिटले आणि पट समोर आणला. वरून सुरुवात केली. कपाळ मोठं आहे. मी थांबले, पुन्हा बघितलं. भुवया बारीक, डावी जराशी वर. पुन्हा थांबले. डोळे आपल्याकडे आहेत, पण कुठेतरी लांब विचारात. नाक तुझं. हनुवटी आत घेतलीय. हात कानावर.

‘धरायचीच,’ आई म्हणाली. ‘सोड म्हटलं तरी सोडायची नाही. हसतेय का?’

मी बघितलं. ‘नाही. पण हसेल असं वाटतं.’

‘हं.’ ती पुढे काय विचारणार ते मला कळलं. ‘केस कसे आहेत गं? वेणी घातलीय का तिची?’

त्या रांगेतल्या सगळ्यांचेच केस मोकळे होते. बाबांनी तिचे मोकळे ठेवले ते रांगेत शोभावे म्हणून, की शेवटी तशी बघितली म्हणून, हे मला थांब्यांवरून सांगता येत नाही. ते खांद्यांवर पसरलेले होते, काळेभोर, न विंचरलेले, आणि ते माझ्या मिटल्या डोळ्यांसमोर होते.

‘घातलीय,’ मी म्हटलं, ‘दोन वेण्या आहेत, घट्ट, वर वळवून कानामागे बांधलेल्या, तांबड्या रिबिनींची फुलं आहेत दोन्हीकडे, आणि भांग अगदी सरळ आहे, तू काढायचीस तसा, तेलाने चमकतोय.’ मध्ये मी कुठेही थांबले नाही.

‘तांबड्याच होत्या,’ आई म्हणाली.

मी पुढे काही बोलणार होते.

‘जरा थांब,’ ती म्हणाली. ‘बोलू नकोस. दिसतेय.’